दोष नेहमी शिष्याचाच

यानागी ऱ्युकेन हे जपानमधले वयस्कर गुरू हात न लावता माणसं पाडून दाखवत. त्यांच्या जुन्या चित्रफिती आजही पाहायला मिळतात. शिष्य धावून येतात, गुरू हवेत हात फिरवतात आणि तीन-चार धडधाकट तरुण एकदम कोलमडतात. कुणी गिरकी घेऊन पडतो, कुणी जमिनीवर तडफडतो. २०० लढतींत आपण एकदाही हरलो नाही, असा त्यांचा दावा होता. २००६ साली मिश्र मार्शल आर्टमध्ये तयार झालेल्या गो इवाकुरा यांच्याशी त्यांचा सामना ठरला. यानागींनी नेहमीसारखे हात पुढे केले. समोरच्यावर काहीच परिणाम झाला नाही. तो पुढे आला आणि त्यानं ठोसा मारला. म्हातारा माणूस तोंड धरून मागे सरला. मध्ये थांबून लढत पुन्हा सुरू झाली आणि काही क्षणांत संपली.

हा प्रसंग पाहून बरेच लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ढोंगी माणूस अशा सामन्याला उभाच राहत नाही; तो तब्येतीचं कारण काढतो, तारीख पुढे ढकलतो. यानागी उभे राहिले, याचा अर्थ एकच. आपल्या हातात शक्ती आहे यावर त्यांचा विश्वास होता. आणि हा विश्वास त्यांच्या शिष्यांनी वर्षानुवर्षं पडून पडून त्यांना दिला होता. पहिला शिष्य आदरापोटी पडला असेल. दुसरा पहिला पडला म्हणून पडला. तिसऱ्यापर्यंत पडणं हा त्या जागेचा रिवाज झाला, आणि जो पडत नाही त्याच्यातच काहीतरी कमी आहे असं सगळ्यांना वाटू लागलं. गुरू शिष्यांना फसवतो, एवढंच आपण धरून चालतो. पण अशा ठिकाणी शिष्यही गुरूला फसवत असतात, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

मार्शल आर्टच्या क्लासचा पंथ कसा होतो, हे समजून घ्यायचं तर या पडण्यापासून सुरुवात करावी लागते. कारण याचं बीज सरावातच असतं. डाव शिकायचा तर जोडीदारानं साथ द्यावीच लागते. आयकिडोमध्ये डाव अंगावर घेणाऱ्याला ‘उके’ म्हणतात आणि सुरक्षित पडणं ही त्याची अर्धी विद्या असते. मान, मनगट, गळा आपण दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि तो ते मोडणार नाही यावर विसंबतो. असा भरवसा गणिताच्या शिकवणीत लागत नाही, पोहण्याच्या वर्गातही इतका लागत नाही. त्यातून जिव्हाळा तयार होतो, आणि तो खरा असतो. एकटं पडलेलं मूल, शाळेत मार खाणारा मुलगा, नव्या शहरात कुणी ओळखीचं नसलेला तरुण, रस्त्यावर छेडछाड सोसलेली मुलगी अशा क्लासमध्ये येतात आणि त्यांना तिथे ताठ उभं राहायला शिकवतात. हे मोठं काम आहे आणि असंख्य शिक्षक ते प्रामाणिकपणे करतात. म्हणूनच ते कुठे बिघडतं हे नीट पाहायला हवं.

अमेरिकेतले जॉर्ज डिलमन हे एकेकाळचे नावाजलेले कराटेपटू. पुढे ते शरीरातल्या मर्मबिंदूंवर शिकवू लागले, आणि त्याहीपुढे जाऊन स्पर्शाविना माणसाला बेशुद्ध करता येतं असं सांगू लागले. नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीच्या एका कार्यक्रमात त्यांच्या गटाचा हा प्रयोग बाहेरच्या संशयी माणसावर करून पाहिला गेला. तो माणूस काही पडला नाही. डिलमन यांनी कॅमेऱ्यासमोर दिलेलं स्पष्टीकरण असं, की या माणसाचा विश्वासच नव्हता. शिवाय त्याची जीभ तोंडात चुकीच्या जागी असेल, किंवा पायाचा एक अंगठा वर आणि दुसरा खाली असेल, तर परिणाम होत नाही.

या जिभेवर आणि अंगठ्यावर मी बराच विचार केला आहे. विद्या खोटी ठरू नये म्हणून ठेवलेली ही पळवाट आहे. प्रयोग जमला तर श्रेय गुरूचं. फसला तर दोष समोरच्याचा: त्याच्या जिभेचा, त्याच्या अंगठ्याचा, त्याच्या अश्रद्धेचा. अशी पळवाट एकदा तयार झाली की त्या विद्येला जगातला कोणताही पुरावा हात लावू शकत नाही. मी आजवर वाचलेल्या, पाहिलेल्या अशा प्रत्येक गटात ही पळवाट कुठल्या ना कुठल्या रूपात सापडली आहे, आणि माझ्या मते पंथाची पहिली खूण तीच आहे.

ही पळवाट जीवघेणी ठरली ती चीनमध्ये. १८९८ साली पीत नदीला पूर येऊन शानतुंग प्रांतातली गावंच्या गावं बुडाली, आणि पाठोपाठ उत्तर चीनमध्ये दुष्काळ पडला. शेतात काम नाही, पोटाला अन्न नाही, परदेशी सत्तांचा आणि मिशनऱ्यांचा जाच वाढलेला. अशा वेळी गावोगावच्या मोकळ्या जागांवर तरुण पोरं मुष्टियुद्ध शिकू लागली. इंग्रजीत त्यांना बॉक्सर म्हटलं गेलं. मंत्र म्हणायचा, अंगात देव येऊ द्यायचा, मग तलवारीचे हात करायचे. कुणाच्या अंगात वानरराज सुन वुकोंग येई, कुणाच्या युद्धदेव ग्वान यू. देव आला की अंगाला तलवार लागत नाही आणि गोळी शिरत नाही, अशी त्यांची खात्री होती. शिकायला वर्षं लागत नव्हती. काही दिवसांत पोरगं तयार होई. भुकेल्या, अपमानित मुलांना आपल्या अंगात बळ आहे हे कुणीतरी सांगत होतं. ती त्यामागे का गेली हे मला कळतं, आणि त्यांच्याबद्दल मनात राग येत नाही.

गोळ्या अर्थातच शिरल्या. १९०० च्या उन्हाळ्यात पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना ५५ दिवस वेढा पडला. शहरातल्या उत्तरेकडच्या कॅथेड्रलवर बॉक्सरांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले, पण ते पडलं नाही. माणसं मरत होती तेव्हा बॉक्सरांमध्ये काय सांगितलं जात होतं, ते इतिहासकारांनी नोंदवून ठेवलं आहे. मेलेल्याचं मन शुद्ध नव्हतं. त्यानं नियम मोडला होता. कॅथेड्रलमधल्या बायकांच्या विटाळामुळे मंत्राचा प्रभाव गेला. डिलमन यांची जीभ आणि अंगठा तो हाच. फक्त इथे त्याची किंमत हजारो पोरांनी जीव देऊन चुकवली.

    

मग आपल्याकडच्या कुस्तीचा असा पंथ का झाला नाही? तालमीत गुरुभक्ती कमी आहे म्हणून नव्हे. वस्तादांच्या पाया पडल्याशिवाय पठ्ठ्या हौद्यात उतरत नाही. पहाटे उठून जोर-बैठका, वस्ताद सांगतील तो खुराक, वस्ताद सांगतील तीच जोड. वस्ताद एक डाव राखून ठेवतात, ही म्हण तर घरोघरी माहीत आहे. म्हणजे गुपितही आहेच. पण कुस्तीत एक गोष्ट अशी आहे जी वस्तादांच्याही हातात नाही. गावच्या जत्रेत हलगी वाजते, परगावचा पैलवान समोर उभा राहतो, आणि त्याला आपल्या वस्तादांबद्दल काडीची श्रद्धा नसते. पाठ लागली की लागली. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, कोल्हापूरला खासबागचं मैदान उभं राहिलं. तिथे चहूबाजूंनी हजारो डोळे ती पाठ पाहतात. हरलेल्या पैलवानाची जीभ कुठे होती, असं कुणी विचारत नाही. डावच कच्चा होता, असं म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो डाव पक्का करायला लागतात.

तालमीत सगळं आलबेल असतं असा याचा अर्थ नाही. मारझोड, उपासमार, वस्तादांच्या भांडणात पोरांची फरपट हे तिथेही घडतं. २०२३ च्या जानेवारीत देशातले आघाडीचे कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले ते कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. मैदानातली खुली परीक्षा डावाचा खरेखोटेपणा ठरवते. माणसाच्या वागणुकीचा खरेखोटेपणा तिच्यानं ठरत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते, आणि ती आपल्याकडे फार कमी ठिकाणी आहे.

पट्ट्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या शहरांत या सगळ्याचा रोजचा व्यवहार त्यांच्याभोवतीच चालतो. शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातली मुलं रांगेत उभी असतात. पिवळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. पालकांना वाटतं, ही हजारो वर्षांची परंपरा. तसं नाही. कानो जिगोरो यांनी १८८२ साली ज्युडोची कोदोकान ही शाळा काढली आणि पुढच्या वर्षी पहिल्या ‘दान’ पदव्या दिल्या. कराटेत ती पद्धत फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये आणली. आणि ही रंगीबेरंगी शिडी रूढ झाली ती १९३० च्या दशकात युरोपात; पॅरिसमध्ये ज्युडो शिकवणाऱ्या कावाइशी मिकिनोसुके यांच्याकडे तिचं श्रेय जातं. मुलांना पायरी-पायरीनं उत्तेजन देण्याची ती चांगली युक्ती होती आणि आहे. शिक्षकानं परीक्षेची फी घेण्यातही काही गैर नाही; त्यालाही घर चालवायचं असतं. बिघाड होतो तो पुढची पायरी कशावर मिळेल हे लिहिलेलं नसतं आणि ते एकाच माणसाच्या मर्जीवर असतं तेव्हा. मग मूल डाव सुधारण्याऐवजी सरांची मर्जी सांभाळायला शिकतं. पालकही तेच शिकतात.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं मला जड जातं. २००७ च्या वसंतात जपानमधल्या निगाता भागातला एक १७ वर्षांचा मुलगा तोकित्सुकाझे या नावाजलेल्या सुमो आखाड्यात दाखल झाला. सुमोचा आखाडा म्हणजे शिकण्याची, झोपण्याची, जेवण्याची एकच जागा. बाहेरचं जग जवळजवळ बंद. मुलाला ते झेपेना. तो पळून जायचा प्रयत्न करत होता. जूनमध्ये स्पर्धेसाठी आखाड्याचा मुक्काम आइची प्रांतात होता, तेव्हा गुरूनं त्याच्या डोक्यात बिअरची बाटली घातली आणि ज्येष्ठ शिष्यांना त्याला ‘सुधारायला’ सांगितलं. त्यांनी त्याला बेदम मारलं. धातूची बॅटही वापरली. दुसऱ्या दिवशी सरावाच्या नावाखाली त्याला धडकांवर धडका घ्यायला लावल्या. तो कोसळला आणि मेला.

मृत्यूचं कारण हृदयविकार असं नोंदवलं गेलं. आखाड्याला देह तिथेच दहन करायचा होता. बापानं तो घरी आणायला लावला. अंगावरच्या जखमा पाहिल्या आणि शवविच्छेदनाचा हट्ट धरला. त्या हट्टामुळे पुढचं सगळं बाहेर आलं. गुरूला सुमो संघटनेनं काढून टाकलं, २००९ मध्ये न्यायालयानं सहा वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती पाच वर्षं झाली. मारणाऱ्या शिष्यांना स्थगित शिक्षा झाल्या.

त्या शिष्यांचा मी पुन्हा पुन्हा विचार करतो. ते राक्षस नव्हते. त्यांनाही कधीकाळी कुणीतरी असंच ‘सुधारलं’ होतं, आणि आपण टिकलो म्हणजे ती पद्धत बरोबर होती, अशी त्यांची धारणा असणार. पळून जाणारा मुलगा दुबळा, म्हणून त्याला मजबूत करायचं. इथेही तेच: त्रास होतो आहे तर दोष त्रास देणाऱ्याचा नाही, सोसणाऱ्याचा. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९५० च्या दशकात चिनी राजवटीच्या सक्तीच्या ‘विचारसुधारणे’तून बाहेर पडलेल्या माणसांच्या हाँगकाँगमध्ये मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी अशा बंदिस्त व्यवस्थांची एक खूण सांगितली आहे. तिथे माणसाच्या स्वतःच्या अनुभवापेक्षा सिद्धान्त मोठा मानला जातो. दुखतंय हा अनुभव असतो. दुखत नाही, तू घडतो आहेस, हा सिद्धान्त असतो. दोघांत भांडण लागलं की अनुभवालाच गप्प बसवतात.

जपाननं या प्रश्नाकडे पुढे डोळे उघडून पाहायला सुरुवात केली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. नागोयातले संशोधक उचिदा ऱ्यो यांनी शाळांतल्या अपघातांच्या नोंदी चाळल्या. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांत ज्युडोमुळे शंभराहून अधिक मुलांचा जीव गेल्याचं त्यातून दिसलं. त्यात डोक्याला मार लागून गेलेली मुलं पुष्कळ होती. २०१३ च्या सुरुवातीला राष्ट्रीय संघातल्या १५ महिला ज्युडोपटूंची तक्रार उजेडात आली: प्रशिक्षक थपडा मारतात, बांबूच्या काठीनं मारतात, घालूनपाडून बोलतात. मुख्य प्रशिक्षक सोनोदा ऱ्युजी यांना पायउतार व्हावं लागलं. या बायका ऑलिंपिकच्या दर्जाच्या होत्या. त्यांना बोलायला एवढा वेळ लागला, तर आठ-दहा वर्षांच्या मुलाकडून आपण काय अपेक्षा करायची?

सोडून जाणाऱ्याचं काय होतं, यावरून गटाची जात कळते. ब्राझिलियन जिऊ-जित्सूमध्ये एका अकादमीतून दुसरीत गेलेल्याला ‘क्रिओन्ते’ म्हणून हिणवतात. हे नाव त्याच कलेतले गुरू कार्लसन ग्रेसी यांनी एका दूरदर्शन मालिकेतल्या दगाबाज पात्रावरून रूढ केलं, असं त्या वर्तुळात सांगतात. दरमहा फी भरून शिकणारा माणूस घराजवळचा क्लास निवडतो आणि गद्दार ठरतो. आपल्याकडेही हे अनोळखी नाही. क्लास बदललेल्या मुलाशी जुने मित्र बोलत नाहीत, स्पर्धेत भेटला तरी नमस्कार करत नाहीत. ‘त्याच्यात दमच नव्हता’ हे वाक्य मी वेगवेगळ्या शहरांत ऐकलं आहे, आणि ते नेहमी गेलेल्याबद्दल असतं. तो का गेला, हे विचारलेलं मात्र क्वचितच ऐकलं.

कधी कधी देशच गुरूच्या पाठीशी उभा राहतो. चीनमधले मिश्र मार्शल आर्टचे लढवय्ये शू श्याओदोंग यांनी एप्रिल २०१७ मध्ये चेंगदूमध्ये ताई ची गुरू वेई लेई यांना अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं. याच वेई लेईंच्या तळहातावरून कबुतर उडू शकत नाही, असं पूर्वी सरकारी दूरचित्रवाणीनं दाखवलं होतं. शू यांचं म्हणणं साधं होतं: जे लढाईची विद्या म्हणून विकता, ते लढून दाखवा. वुशू संघटनेनं निषेध केला आणि समाजमाध्यमांवरची त्यांची खाती बंद पडली. ताई चीचे ज्येष्ठ गुरू चेन श्याओवांग यांची बदनामी केल्याच्या खटल्यात शू हरले, त्यांना भरपाई आणि जाहीर माफीचा आदेश झाला, आणि विमानाचं, वेगवान रेल्वेचं तिकीट मिळणंही बंद झालं. पुढे चेहरा रंगवून, बदललेल्या नावानं त्यांना लढावं लागलं. त्यांची भाषा शिवराळ होती आणि म्हाताऱ्या गुरूंचा अपमान करणं मलाही पटत नाही. पण त्यांचा प्रश्न योग्य होता, आणि प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केल्यानं ताई चीचं काही भलं झालं नाही. सांधे, तोल, श्वास यांसाठी ताई ची उत्तम आहे. तेवढं म्हणून ती शिकवावी. शू यांच्यानंतर तीन वर्षांनी, मे २०२० मध्ये, ६९ वर्षांचे मा बाओगुओ पन्नाशीच्या एका हौशी लढवय्यापुढे उभे राहिले आणि ३० सेकंदांत तीनदा पडले. आधीच कुणी त्यांना खरं सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती.

आपल्या मुलामुलींना मार्शल आर्ट शिकवू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. जरूर शिकवा, मुलींना तर नक्कीच. फक्त काही गोष्टींवर ठाम राहा. सराव चालू असताना पालकांना बसू न देणारा क्लास नको. ‘हे घरी सांगायचं नाही’ असं मुलाला सांगणारा शिक्षक एक दिवसही नको. शिक्षकाच्या खोलीतली एकट्याची ‘खास तालीम’ नको. दुसऱ्या क्लासच्या मुलांबरोबर मोकळी लढत होते का, ते पाहा. मूल हरलं तर शिक्षक डावाबद्दल बोलतो की मुलाच्या निष्ठेबद्दल, ते कान देऊन ऐका. आणि मूल म्हणालं की दुखतं, भीती वाटते, जायचं नाही, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

२०१२ चा पॉक्सो कायदा विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसानं मुलावर केलेला लैंगिक अत्याचार अधिक गंभीर मानतो, आणि असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही त्या कायद्यानं गुन्हा आहे. क्लासची अब्रू, सरांचे उपकार, पुढच्या महिन्यातली बेल्टची परीक्षा यांतलं काहीही त्याआड येऊ देऊ नका. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ रात्रंदिवस चालू असते.

आणि फी भरण्याआधी एक काम करा. त्या क्लासमध्ये टिकलेल्या मुलांचे पट्टे आणि चषक तुम्हाला दाखवले जातीलच. तिथून सोडून गेलेल्या दोन मुलांच्या घरी जा, आणि ती का गेली ते त्यांच्याकडून ऐका.